एकोणतिसावा खेळाडू : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचे बदलते गणित

१६ डिसेंबर २०२४ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील कॅरी या शहरात अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलचा पुरुष गटातील अंतिम सामना झाला. मानांकन नसलेल्या व्हरमाँट विद्यापीठाने पिछाडीवरून येत मार्शल विद्यापीठाला अतिरिक्त वेळेत २-१ असे नमवले आणि प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. चारच दिवसांनी, २० डिसेंबरला, ‘मेजर लीग सॉकर’ या व्यावसायिक लीगने महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड उरकली. पुढच्या महिन्यात वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंचा सन्मान झाला. या साऱ्या धामधुमीत अनेक खेळाडू एक विद्यापीठ सोडून दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची कागदपत्रेही भरत होते.

राष्ट्रीय स्पर्धेत कोणाला जागा मिळणार, पुरस्कार कोणाला मिळणार आणि पुढच्या वर्षी संघात कोण उरणार, हे अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधले तीन सनातन प्रश्न. एकेकाळी ते एकामागून एक येत आणि प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर असे. गेल्या काही वर्षांत नियम इतके बदलले, की आता एकाचे उत्तर दुसऱ्याला लागलीच बांधते. मोठे यश मिळवणारा संघच अनेकदा सर्वांत आधी विस्कटतो. त्यातच २०२५ पासून बहुतेक बड्या विद्यापीठांत संघाची कमाल संख्या २८ वर आली आहे. त्यामुळे आजवर राखीव बाकावर का होईना पण टिकून असलेल्या एकोणतिसाव्या खेळाडूसमोर नवाच पेच उभा राहिला आहे.

महाविद्यालय हेच मैदान

फुटबॉल हा राज्याचा खेळ मानणाऱ्या गोव्यात खेळाडू घडतो तो गावच्या मैदानावर आणि क्लबात. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांसारख्या क्लबांनी पिढ्या घडवल्या. महाविद्यालयाच्या संघातून खेळणे ही त्या प्रवासातील जोडगोष्ट असते, मुख्य वाट नसते. अमेरिकेत चित्र नेमके उलटे होते. तेथे ‘फुटबॉल’ म्हटले की वेगळाच खेळ डोळ्यांपुढे येतो. आपल्या फुटबॉलला तेथे ‘सॉकर’ म्हणतात. दीर्घकाळ टिकलेली व्यावसायिक लीग तेथे १९९६ मध्ये सुरू झाली. तोवर शाळेनंतर गंभीरपणे खेळायचे तर विद्यापीठाखेरीज फारसा ठिकाणा नव्हता. १९९० च्या विश्वचषकात उतरलेला अमेरिकेचा संघ बव्हंशी महाविद्यालयांत घडलेल्या तरुणांचा होता.

या खेळाचा कारभार ‘एनसीएए’ ही संघटना पाहते. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तिने १९५९ मध्ये सुरू केली. पहिला विजेता सेंट लुईस विद्यापीठ. दहा विजेतेपदांचा त्याचा विक्रम आजही अबाधित आहे आणि आठ विजेतेपदे मिळवलेले इंडियाना त्याच्या मागे आहे. महिलांची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने जवळजवळ मालकी हक्क गाजवला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्यामुळे मुलींच्या संघांना बळ मिळाले. आज सर्वोच्च श्रेणीत महिलांचे सुमारे ३५० संघ आहेत, तर पुरुषांचे २०० च्या थोडे वर.

राष्ट्रीय स्पर्धेचे दार

महाविद्यालयीन हंगाम फार आखूड असतो. ऑगस्टच्या अखेरीस सामने सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी नियमित हंगाम संपतो. अडीच महिन्यांत सोळा-सतरा सामने, बऱ्याचदा आठवड्यात दोन, आणि त्यांच्या जोडीला वर्ग व परीक्षा. या थोड्या सामन्यांवर राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेश ठरतो. पुरुषांच्या स्पर्धेत ४८ संघांना जागा मिळते, महिलांच्या स्पर्धेत ६४ संघांना. म्हणजे पुरुषांत साधारण चारांपैकी एका संघाला, तर महिलांत पाचांपैकी एकालाही पुरती संधी नाही.

प्रवेशाच्या वाटा दोन. विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली आहेत. प्रत्येक पात्र कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो. बहुतेक ठिकाणी हा विजेता हंगामाअखेरच्या छोट्या बाद स्पर्धेतून ठरतो. त्यामुळे वर्षभर अडखळलेला एखादा संघ नोव्हेंबरात तीन सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचू शकतो. पुरुष गटातील वीसहून अधिक जागा अशा भरतात. उरलेल्या जागा निवड समिती देते आणि खरी घालमेल याच जागांसाठी चालते.

समितीच्या हाती अनेक वर्षे असलेले मुख्य माप म्हणजे ‘आरपीआय’ हा निर्देशांक. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयाच्या प्रमाणाला केवळ एक चतुर्थांश वजन असते. निम्मे वजन त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या प्रमाणाला आणि उरलेले एक चतुर्थांश त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका संघाने ८० टक्के सामने जिंकले, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण ४० टक्के आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे ४५ टक्के. त्याचा निर्देशांक ०.५१ च्या आसपास येतो. दुसऱ्या संघाने ६० टक्केच सामने जिंकले, पण पुढची दोन प्रमाणे ६० आणि ५५ टक्के आहेत. त्याचा निर्देशांक ०.५९ वर जातो. कमी विजय मिळवूनही दुसरा संघ पुढे राहतो, कारण तो अधिक बलवान संघांशी खेळला.

या हिशेबामुळे हंगामाचे वेळापत्रक आखणे हीच प्रशिक्षकाची पहिली परीक्षा ठरते. दुबळ्यांना हरवून आकडे फुगवता येतात, पण समितीपुढे ते टिकत नाहीत. बलाढ्य संघांशी सतत खेळावे तर पराभवांची रास होते. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्ससारख्या तगड्या गटातल्या संघाला बलवान प्रतिस्पर्धी घरबसल्या मिळतात. लहान गटातल्या संघाला ते परगावी जाऊन शोधावे लागतात. त्यात २०२२ पासून नियमित हंगामातील अतिरिक्त वेळ रद्द झाला. त्यामुळे बरोबरीचे निकाल वाढले आणि उंबरठ्यावरच्या संघांना ऑक्टोबरातली एखादी बरोबरी नोव्हेंबरात महागात पडू लागली.

प्रवेशानंतर मानांकनाचा प्रश्न येतो. पुरुष गटात पहिल्या सोळा मानांकित संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते आणि दुसरी फेरी घरच्या मैदानावर खेळता येते. त्यांना विजेतेपदासाठी पाच फेऱ्या पार कराव्या लागतात, इतरांना सहा. नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी, लांबचा प्रवास आणि तीन-चार दिवसांची विश्रांती लक्षात घेता ही एक फेरी मोठा फरक करते. व्हरमाँटने त्या सहाही फेऱ्या पार केल्या. उपांत्य सामन्यात त्याने डेन्व्हरला पेनल्टी शूटआऊटमध्ये मागे टाकले. लहान कॉन्फरन्समधल्या संघाने हे साधले, म्हणून त्या विजेतेपदाचे मोल अधिक.

पुरस्काराची वेळ आणि त्याचा अर्थ

महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान म्हणजे हर्मन ट्रॉफी. पुरुषांसाठी ती १९६७ पासून आणि महिलांसाठी १९८८ पासून दिली जाते. मतदान सर्वोच्च श्रेणीतील संघांचे प्रशिक्षक करतात. आधी लांबलचक यादी, मग काही निवडक नावे, शेवटी तीन अंतिम स्पर्धक आणि जानेवारीत सेंट लुईस शहरात घोषणा, असा तिचा क्रम.

जुन्या मानकऱ्यांची नावे पाहिली की या पुरस्काराचा दबदबा कळतो. १९८९ चा मानकरी गोलरक्षक टोनी मियोला पुढच्याच वर्षी विश्वचषकात अमेरिकेच्या गोलजाळ्यापुढे उभा होता. अलेक्सी लालास १९९१ चा, क्लॉडिओ रेना १९९३ चा. महिलांत मिया हॅमने १९९२ आणि १९९३ अशी सलग दोन वर्षे हा मान मिळवला, तर कॅनडाच्या ख्रिस्टीन सिंक्लेअरने २००४ आणि २००५ मध्ये. हॅम पुढे महिला फुटबॉलचा जगभरचा चेहरा बनली. सिंक्लेअरने आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम रचला.

संघाचे यश आणि वैयक्तिक सन्मान मात्र नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. २०२२ चा मानकरी डंकन मॅकग्वायर हा क्रेटन विद्यापीठाचा आघाडीपटू. त्याचा संघ उपांत्य सामन्यात सिराक्यूजकडून ३-२ असा हरला आणि सिराक्यूजच पुढे विजेता ठरला. उलट २०२३ चा मानकरी उस्मान सिला हा विजेत्या क्लेमसनचा. नॉटर डेमविरुद्ध २-१ असा जिंकलेल्या अंतिम सामन्यात त्यानेही गोल केला होता. तरीही एक सूत्र दिसते. ज्याचा संघ डिसेंबरपर्यंत खेळत राहतो, त्याच्याकडे प्रशिक्षकांचे आणि व्यावसायिक क्लबांचे लक्ष अधिक काळ राहते. चांगला खेळाडू संघाला बाद फेरीत नेतो आणि बाद फेरी त्याची किंमत वाढवते.

मॅकग्वायरच्या उदाहरणात आणखी एक तपशील बोलका आहे. हर्मन ट्रॉफी त्याच्या हाती आली, तेव्हा ऑर्लँडो सिटी या व्यावसायिक संघाने त्याला आधीच निवडले होते. पुरस्कार स्वीकारणारा विद्यार्थी त्या क्षणी आपल्या विद्यापीठाचा खेळाडू उरलेलाच नसतो, असे आता वारंवार घडते.

पूर्वीची गळती, आताची गळती

खेळाडू सोडून जाणे ही महाविद्यालयीन संघांना नवी गोष्ट नाही. चार वर्षांनी पदवी घेऊन विद्यार्थी बाहेर पडणारच. प्रत्येक खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळण्याची मुभा, हा नियम वर्षानुवर्षे चालत आला. कोण कधी जाणार हे प्रशिक्षकाला आधी ठाऊक असे आणि त्याप्रमाणे तो शाळांमधून नवी मुले हेरत असे. ब्रूस अरीना यांच्या मार्गदर्शनाखाली व्हर्जिनिया विद्यापीठाने १९९१ ते १९९४ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली. त्यांतले चौथे रेना निघून गेल्यानंतरचे. मिया हॅम गेल्यावरही नॉर्थ कॅरोलिनाने १९९४ मध्ये सलग नववे विजेतेपद जिंकले. माणसे बदलत, पण रचना टिके, कारण बदल क्रमाने होई.

आता तो क्रम मोडला आहे. त्याची चार कारणे सांगता येतील.

पहिले कारण ‘ट्रान्सफर पोर्टल’. ऑक्टोबर २०१८ मध्ये ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. त्याआधी दुसऱ्या विद्यापीठाशी बोलणी करायची तर आपल्या प्रशिक्षकांची परवानगी लागे. पोर्टलमध्ये नाव नोंदवले की इतर विद्यापीठांना खेळाडूशी थेट संपर्क साधता येतो. २०२१ पासून सर्वच खेळांत एकदा बदली केल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अट उरली नाही. २०२४ पासून अभ्यासक्रमाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येते. नोंदणीची मुदत राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रवेशयादीच्या तारखेशी जोडलेली आहे. त्यामुळे काही संघ विजेतेपदासाठी झुंजत असतानाच इतर संघांचे खेळाडू नवे घर शोधू लागतात. डिसेंबरच्या मध्यापर्यंत खेळणाऱ्या संघाचा प्रशिक्षक या बाजारात उशिरा उतरतो.

दुसरे कारण व्यावसायिक दारे. पुरुषांसाठी ड्राफ्ट अजून आहे. २०२४ च्या डिसेंबरात पहिली निवड सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा मनू डुआ याची झाली आणि नव्याने लीगमध्ये दाखल होत असलेल्या सॅन डिएगोने त्याला घेतले. पण व्यावसायिक क्लबांनी आता स्वतःच्या अकादमी उभारल्या आहेत. तिथून विद्यापीठात गेलेल्या खेळाडूला क्लब ड्राफ्टविनाही परत बोलावू शकतो. महिलांच्या व्यावसायिक लीगने तर ऑगस्ट २०२४ मध्ये ड्राफ्टच रद्द केला. आता खेळाडू कोणत्याही क्लबशी थेट करार करू शकते. त्यामुळे चार वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण आणखी कमी झाले.

तिसरे कारण कोविडकाळातील सवलत. २०२०-२१ चा हंगाम कोणाच्याही चार वर्षांत धरला गेला नाही. परिणामी पाचव्या-सहाव्या वर्षाचे अनुभवी खेळाडू मैदानावर राहिले आणि शाळेतून नुकत्याच आलेल्यांची जागा अडली. ती पिढी आता जवळजवळ संपली असली, तरी तयार, वयाने मोठा खेळाडू बाहेरून आणण्याची प्रशिक्षकांना लागलेली सवय मागे उरली आहे.

चौथे कारण पैसा. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा वापरून जाहिरातींतून कमाई करण्यास मोकळीक मिळाली. सॉकरमध्ये ही रक्कम अमेरिकी फुटबॉल वा बास्केटबॉलच्या मानाने किरकोळ असते. तरीही मोठे विद्यापीठ आणि लहान विद्यापीठ यांतील दरी तिने रुंदावली.

एका वर्षात पुन्हा उभा राहिलेला संघ

या वादळातही संघ कसा तगतो, याचे बोलके उदाहरण नॉर्थ कॅरोलिनाच्या महिला संघाचे. जानेवारी २०२४ मधील ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन्ही निवडी याच विद्यापीठाच्या होत्या. ॲली सेंटनरला युटा रॉयल्सने घेतले, तर केवळ एक हंगाम खेळलेल्या सॅव्ही किंगला बे एफसीने. त्या वर्षी ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना, २१ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक अँसन डोरन्स निवृत्त झाले. १९७९ पासून संघाची धुरा त्यांच्याकडे होती. इतके सगळे गमावलेल्या संघाने हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली, नव्या-जुन्या खेळाडूंची मोट बांधून, ९ डिसेंबर २०२४ रोजी वेक फॉरेस्टला १-० असे हरवले आणि बाविसावे विजेतेपद जिंकले.

अशी किमया साधायला नॉर्थ कॅरोलिनाची पुण्याई लागते, हेही खरे. तिथे येण्यास मुली उत्सुक असतात, म्हणून गेलेल्यांची जागा लवकर भरते. लहान विद्यापीठाची गोष्ट वेगळी. त्याने दोन वर्षे खपून घडवलेला मध्यपटू एका चांगल्या हंगामानंतर मोठे विद्यापीठ उचलून नेते. राष्ट्रीय स्पर्धेत एखादी फेरी जिंकणे हे लहान संघासाठी जाहिरात असते, पण ती जाहिरात त्याच्या खेळाडूंचीही होते.

अठ्ठावीसची मर्यादा

यापुढचा बदल सर्वांत दूरगामी ठरण्याची चिन्हे आहेत. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी माजी खेळाडू आणि एनसीएए यांच्यातील एका मोठ्या खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली. तिच्यानुसार विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा खेळाडूंना थेट देता येतो. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर इतकी ठरली. त्याच वेळी शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील बंधने जाऊन संघाच्या आकारावर बंधन आले. सॉकरसाठी ते पुरुष व महिला दोन्ही गटांत २८ खेळाडूंचे आहे. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना ते लागू होते.

जुन्या नियमात पुरुष संघाला ९.९ शिष्यवृत्त्या मिळत आणि महिला संघाला १४. प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून पुष्कळ जणांना वाटत. कोणाला निम्मे शुल्क माफ, कोणाला केवळ पुस्तकांचा खर्च. संघात किती जण असावेत यावर मात्र अशी मर्यादा नव्हती. एक पैसाही न घेता, केवळ खेळायला मिळावे म्हणून येणारे विद्यार्थी सरावाला असत. त्यांतले काही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुख्य संघात पोहोचत.

नव्या नियमात कागदावर अठ्ठावीसही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. प्रत्यक्षात वाट्याचा बहुतांश पैसा अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतो. सॉकरच्या वाट्याला येतो तो मुख्यतः लहान झालेला संघ. मान्यतेपूर्वी न्यायालयाने हाच मुद्दा लावून धरला होता आणि मर्यादेमुळे जागा गमावणाऱ्या आधीच्या खेळाडूंना सूट देण्याची तरतूद त्यानंतरच झाली. नव्याने येणाऱ्यांना ती सूट नाही. अठ्ठावीसच जागा असतील तर प्रशिक्षक दोन वर्षांनी तयार होऊ शकेल अशा अठरा वर्षांच्या मुलाऐवजी पोर्टलमधून आलेला बावीस वर्षांचा तयार खेळाडू निवडणार, हे ओघाने आले. त्याच्या स्वतःच्या नोकरीचा हिशेबही राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेशावरच होतो.

गोव्यातील घरांसाठी अर्थ

खेळता खेळता परदेशात पदवी घ्यावी, हे स्वप्न गोव्यातील एखाद्या गुणी मुलामुलीने पाहिले तर त्यात वावगे काही नाही. अमेरिकेतील पुरुष संघांत परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी मात्र वरचे गणित समजून घेतलेले बरे. संघात जागा देऊ केली म्हणजे ती चार वर्षांसाठी पक्की झाली, असे आता समजता येत नाही. शिष्यवृत्ती पूर्ण की अंशतः, किती वर्षांची, दुखापत झाली किंवा यादीतून नाव वगळले तर तिचे काय, हे लेखी विचारायला हवे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांच्या कमाईवर कडक बंधने असल्याने जाहिरातींच्या पैशावर विसंबून खर्चाचा आराखडा मांडणे धोक्याचे. शिवाय सर्वोच्च श्रेणीखाली दुसरी व तिसरी श्रेणीही आहे. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण या तडजोडीची २८ ची मर्यादाही त्या श्रेणीला लागू नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विद्यापीठ निवडताना मैदानाइतकेच वर्गाकडे पाहावे लागेल. प्रशिक्षक बदलेल, सोबती बदलतील, कदाचित गणवेशही बदलेल. ज्या विषयाची पदवी घ्यायची तो विषय तेथे नीट शिकवला जात असेल, तर यादीतून नाव गळाल्यावरही तेथे राहण्याला कारण उरते. दर डिसेंबरात एक संघ चषक उंचावतो. त्या छायाचित्रात दिसणाऱ्यांपैकी किती जण पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच गणवेशात परततील, याची खात्री आता विजेत्या प्रशिक्षकालाही देता येत नाही.